भाऊजींची वेधशाळा आणि माझ्या वाट्या

माझ्या सहा वाट्यांच्या सेटमधल्या दोनच वाट्या आज स्वयंपाकघरात आहेत. बाकीच्या चार गच्चीवर वाऱ्यात गरगर फिरतात. त्यांना तिथे नेऊन बसवणारा माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि बिल्डिंगमधले लोक वेधशाळा म्हणतात. "वेधशाळा जिन्यात भेटली, उद्या छत्री घ्या म्हणाली," असं सरळ बोलतात. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की माझ्याकडे बघून हसतात, जसे काही ढग मीच पाठवायचे होते आणि विसरले.

भाऊजींनी लग्न केलं नाही. का केलं नाही, विचारलं तर आभाळाकडे बघतात. त्यांची सगळी नोकरी काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेली. पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा खोक्यात भरायच्या, चहूबाजूंनी कागद कोंबायचा, आणि मग खोकं कानाशी धरून हलवायचं. आत जराही आवाज आला तर सगळं उपसून पुन्हा भरायचं. आत हललं ते फुटलं, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नोकरी सुटली तरी कान सुटला नाही. पाहुण्यांनी काही भेट आणली तर उघडायच्या आधी ते कानाशी नेऊन हलवतात, आणि पाहुण्यांच्या देखत मान हलवून "सैल भरलंय" म्हणतात. एकदा मी आजारी होते तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ऑफिसचा डबा त्यांनी भरला. तो इतका गच्च भरला की नवऱ्याला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळूनही तो उघडता आला नाही. संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी आला. भाऊजींनी तो कानाशी धरला, हलवला आणि समाधानाने माझ्याकडे दिला.

हवामानाचा नाद त्यांना कारखान्यातच लागला. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि थप्पीतली खालची खोकी बसतात, म्हणून रोज सकाळी आधी हवा बघायची आणि मग थप्पी किती उंच लावायची ते ठरवायचं. नोकरी संपली, सवय उरली. रिकामा माणूस आणि शाबूत सवय एका घरात राहायला आले की तिसऱ्याच्या डोक्याला ताप होतो. तिसरी मी.

एक दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि अगदी संकोचाने म्हणाले की वहिनी, तुमचा एक केस हवा होता. मी लाटणं खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की माणसाचा केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, त्याला काटा जोडला की हवेतला ओलावा कळतो. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मोजण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मी विचारलं, पांढरा चालेल का. ते म्हणाले, लांबीशी मतलब. तेव्हापासून माझा एक पांढरा केस गच्चीवर, फळ्यांच्या पांढऱ्या पेटीत ताणून बसवलेला आहे. बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालायच्या आधी त्याला विचारतात. घरात माझं इतकं कोणी ऐकत नाही.

केसामागून वाट्या गेल्या. टीव्हीच्या जुन्या ॲन्टेनाचा खांब मिळवला, त्याच्या टोकाला आडव्या दोन पट्ट्या आणि पट्ट्यांच्या टोकांना माझ्या चार वाट्या. खाली बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाचा बाण, वाऱ्याची दिशा दाखवायला. पावसासाठी कापलेली बाटली. आणि वाट्यांची एक फेरी झाली की एक आकडा पुढे जाईल असा वायर जोडलेला, दुकानात असतो तसला कॅल्क्युलेटर, तो त्या पांढऱ्या पेटीत. रोज सकाळी भाऊजी वर जाणार, बघणार आणि खाली प्रवेशदारातल्या फळ्यावर खडूने लिहिणार. एक मात्र मी कबूल करीन, हवेच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नाही. कळलं नाही तर फळ्यावर "आज अंदाज नाही" असं लिहून मोकळा होतो. वाऱ्याच्या पुढे मात्र वर्षानुवर्षं एकच शब्द होता, "बेताचा". आमच्याकडचा वारा तसा आळशीच. भाऊजींना त्याचं फार वाईट वाटायचं. एकदा तरी खरा वारा यावा, म्हणायचे, त्यासाठीच तर हे बांधलंय.

खरा नाही, पण अर्धामुर्धा वारा एकदा आला आणि त्याने घात केला. खांब गच्चीवर आडवा झाला, बाण वाकला, आणि एक वाटी सुटून दोन मजले खाली, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गॅलरीत, कुंडीला पाणी घालत असलेल्या सेक्रेटरींच्या पायाशी पडली. त्यांच्या पायाला लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं असं मी म्हणत नाही, पण त्यांनी जो आव आणला तो बघता फार फरक पडला नसता.

गच्चीच्या ज्या कोपऱ्यात यंत्र होतं, त्यावर सेक्रेटरींचा आधीपासून डोळा होता. त्यांना तिथे कुंड्या मांडायच्या होत्या. त्यांनी ती वाटी रुमालात गुंडाळून सोसायटीच्या मीटिंगला आणली आणि खुनाच्या खटल्यातला सुरा ठेवावा तशी टेबलावर ठेवली. गच्ची सगळ्यांची आहे, म्हणाले, आज वाटी आली, उद्या खांब येईल. ठराव असा झाला की यंत्र पुन्हा एकदा जरी पडलं तरी ते कायमचं खाली येईल आणि कोपरा रिकामा होईल. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या नवऱ्यानेसुद्धा केला, कारण नेमका तेव्हाच तो जागा झाला होता. वाटी मी परत मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, तो पुरावा आहे. भाऊजींनी घरी येऊन गुपचूप पाचवी वाटी उचलली. मी बघितलं आणि नाही बघितल्यासारखं केलं.

कोपरा गेला तर काय होईल, हे मला सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मध्ये गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा सगळं लटांबर काही आठवडे आमच्या बाहेरच्या खोलीत होतं. भाऊजी पंख्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि पंख्याचा वारा मोजायचे. पंखा एकवर, पंखा दोनवर. मग तेही सोडलं. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचे. कोणी काही विचारलं तर "अं?" म्हणायचे. मला त्यांची दया यायची, आणि दया आली की मला राग येतो, आणि राग आला की मी भांडी आपटते. त्या आठवड्यांत दोन कप फुटले. तो माणूस गच्चीवर असला तरच घरात माणसासारखा असतो, हे मी तेव्हाच ओळखलं.

म्हणून बातम्यांत मोठ्या वादळाचं सांगितलं, उद्या दुपारी येणार म्हणाले, तेव्हा आमच्या घरात दोन प्रकारचे चेहरे झाले. भाऊजींचा चेहरा लग्न ठरल्यासारखा आणि माझा, लग्नाचं बिल हातात पडल्यासारखा. सेक्रेटरी जिन्यात भेटले. त्यांनी हात मागे बांधून विचारलं की काय, वेधशाळेचं काय म्हणणं आहे. त्यांचं तोंड इतकं गोड होतं की मला कळलं, त्यांचा खोकला सुंठीवाचून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी माळ्यावरून त्यांची जुनी पेटी काढली. ट्रकमध्ये सामान आवळायचे पट्टे, खोक्यांच्या कोपऱ्यांना लावायच्या पुठ्ठ्याच्या टोप्या, निळ्या सुतळीचा गुंडा. मग माझ्या कपाटातून दोन उशांचे अभ्रे गेले. ते बांधकामावरून आणलेल्या वाळूने भरून खांबाच्या पायाशी आले. मीही वर गेले आणि पट्टे धरायला लागले.

त्यांनी आधी खांबाला तीन दिशांनी तीन पट्टे लावले. एक पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला, एक कठड्यातल्या कडीला, एक जिन्याच्या खोलीवरच्या हुकाला. मी म्हटलं, अगदी वर, टोकालाच बांधा की. ते म्हणाले, टोकाला बांधलं तर मधला भाग धनुष्यासारखा वाकतो, जरा खाली बांधायचं. पट्टा जिथे कडेला घासेल तिथे पुठ्ठ्याची टोपी. प्रत्येक नटावर दुसरा नट. बाण काढून पेटीत ठेवला. पेटी चारी बाजूंनी घोंगडीत गुंडाळली, आणि आत माझा केस आहे हे लक्षात ठेवून हळू गुंडाळली. मग त्यांनी एकेक पट्टा बोटाने टिचकी मारून ऐकला. एक त्यांना पसंत पडेना. तो सोडून त्यांनी पुन्हा आवळला आणि पुन्हा ऐकला. शेवटी खांबाला मिठी मारली, कान लावला आणि सगळ्या अंगाने हलवला. हूं की चूं नाही.

वर वाट्या तेवढ्या मोकळ्या होत्या. हवा सुटायला लागली होती आणि त्या छान फिरत होत्या. मान वर करून भाऊजी बराच वेळ त्या वाट्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, डोळे भरून बघतायत. मी म्हटलं, चला आता, तुमची नवरी येतेय, तुम्ही जेवून घ्या. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी कॅल्क्युलेटर शून्यावर आणून, एक शेवटची फेरी मारून येतो. थोड्या वेळाने आले ते रिकाम्या हाताने, आणि हात धुऊन पानावर बसले.

मी काय करायचं ते आधीच ठरवलं होतं. ते जेवत असताना गच्चीची किल्ली पिठाच्या डब्यात खाली पुरली. ऐन वादळात हा माणूस आकडा बघायला वर जाणार, ही काळ्या दगडावरची रेघ. किल्ली मागतील तेव्हा काय काय बोलायचं, त्याची मी मनात उजळणी करून ठेवली होती. माझी वाक्यं चांगली जमली होती. त्यात त्यांच्या आईचासुद्धा उल्लेख होता.

दुपारी वारा आला. त्याला वारा म्हणायला जीभ वळत नाही. आधी दारं वाजली, मग खिडक्या, मग भिंती वाजल्यासारखं वाटायला लागलं. रस्त्यावरून एक पत्रा खडखडत गेला, मागून कोणाची तरी बादली. माझा नवरा कुशीवर वळला. भाऊजी बाहेरच्या खोलीत खिडकीशी उभे होते. त्यांनी काचेवर तळहात टेकवला होता आणि डोळे मिटले होते. मी पिठाच्या डब्यापाशी तयारीत उभी होते. त्यांनी किल्ली मागितलीच नाही. मला चुकल्यासारखं झालं. शेवटी मीच जाऊन विचारलं, "किती असेल हो?"

"खूप," ते म्हणाले. हात काचेवरून काढला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळं शांत झालं. आभाळ धुतल्यासारखं, आणि जिन्यात माणसांचे आवाज. मी पीठ झाडून किल्ली दिली. पांढरी किल्ली भाऊजींनी सदऱ्याला पुसली. आमच्या मागोमाग अर्धी बिल्डिंग वर आली, सगळ्यांत पुढे सेक्रेटरी.

गच्चीचं मैदान झालं होतं. कपड्यांच्या दोऱ्या नव्हत्या. टाकीचं झाकण नव्हतं. टीव्हीच्या डिशा उताण्या पडल्या होत्या. सेक्रेटरींनी कोपरा मिळणार म्हणून आधीच आणून ठेवलेल्या कुंड्यांचा चुरा झाला होता. आणि त्या सगळ्यात, आपल्या कोपऱ्यात, घोंगडी पांघरून, तीन पट्ट्यांत, भाऊजींचं यंत्र सरळ उभं होतं. पुतळे उभे असतात तसं. कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वाट्या वाचल्या म्हणून आलं असं मी तेव्हा सांगितलं.

सेक्रेटरींनी खांबाला एक धक्का देऊन बघितला. मग दुसरा दिला. मग म्हणाले, ठीक आहे, पडलं नाही. पण किती होता वारा ते तरी सांगा, एवढं यंत्र आहे तर. सगळे पुढे सरकले. भाऊजींनी घोंगडी सोडली, पेटी उघडली आणि कॅल्क्युलेटर बाहेर काढून सेक्रेटरींच्या हातात दिला.

शून्य.

मी म्हटलं, बॅटरी गेली असेल. भाऊजी म्हणाले, बॅटरी चांगली आहे. मी त्यांच्याकडे डोळे वटारले. तेवढ्यात कोणीतरी वर बोट दाखवलं. माझ्या चारही वाट्या, आडव्या पट्ट्यांवरून उतरवून, मध्ये कागद घालून, एकीवर एक टेकवून, खांबाशी निळ्या सुतळीने आवळून बांधलेल्या होत्या. गाठ अशी सुबक की खोकं थेट बोटीवर चढवावं.

"वाट्या बांधलेल्या होत्या," भाऊजी म्हणाले.

क्षणभर कोणाला कळेना. मग सेक्रेटरींना कळलं. हा माणूस हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. ते कठड्याला धरून हसले, खाली बसून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. "अहो वेधशाळा, तुम्ही वारासुद्धा पॅक केलात," म्हणाले. झालं, सगळी गच्ची हसायला लागली. माझा नवराही हसला, आणि तो का हसतोय ते त्याला जिन्यात समजावून सांगावं लागलं. भाऊजी मध्ये उभे राहून ओशाळल्यासारखे हसत होते. जन्माची सवय, कोणी म्हणालं, हाताला कळतं होय, ते बांधतच सुटणार. त्यांनी मान डोलावली नाही आणि नाकारलंही नाही. मग खाली उतरून फळ्यावर लिहिलं : वारा – मोजता आला नाही. वाट्या बांधलेल्या होत्या.

लोकांनी त्या फळ्याचे फोटो काढले. आणि दिवे लागायच्या वेळेला सेक्रेटरी स्वतः आमच्या दारात आले. हसून हसून चेहरा लाल झाला होता. ठरावाप्रमाणे यंत्र पडलेलं नाही, म्हणाले, तेव्हा कोपरा वेधशाळेकडेच राहील, माझ्या कुंड्या नाहीतरी गेल्याच. मग खिशातून रुमालात गुंडाळलेली वाटी काढली. "हा पुरावा. हीपण बांधून ठेवा." आणि पुन्हा हसत खाली गेले.

मी वाटी धुतली. धुताना माझा पारा चढत गेला. जग हसलं त्याचं काही नाही, पण हा माणूस किती वर्षं त्या एका वाऱ्याची वाट बघत होता, आणि तो आला तेव्हा ह्याच्या वाट्या सुतळीत. भाऊजी ओट्याशी पाणी प्यायला आले तसं मी म्हटलंच, "कसं विसरलात हो? बाकी सगळं आठवलं आणि तेवढंच कसं विसरलात?"

त्यांनी पाणी पिऊन पेला विसळून ठेवला.

"विसरलो नाही, वहिनी," ते म्हणाले. "मागच्या वेळी आधी खांब पडला नव्हता. वाट्या फिरून फिरून नट सैल झाला, एक वाटी उडाली, मग तोल गेला. आज मोकळ्या ठेवल्या असत्या तर पट्ट्यांनी भागलं नसतं. दोन्हींतलं एकच व्हायचं होतं. वारा काय, पुन्हा येईल. कोपरा गेला असता तर परत मिळाला नसता."

मला त्या शेवटच्या फेरीतलं त्यांचं वर बघणं आठवलं. आणि काचेवरचा तो तळहात. मी कोरडी झालेली वाटी पुसत राहिले. शेवटी मी म्हटलं की मग हे वरतीच का नाही सांगितलं, सगळी बिल्डिंग तुम्हाला हसली, मी आत्ता जाते आणि त्या सेक्रेटरींना सांगून येते.

"नको, नको," भाऊजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "हसू दे त्यांना. हसणारा माणूस काढून टाका म्हणत नाही."

इतकी वर्षं ह्या घरात मीच एक आतल्या गाठीची आहे अशी माझी समजूत होती. मग मी ती वाटी फडताळात, एकट्या उरलेल्या वाटीवर ठेवली. पाठोपाठ भाऊजींनी त्या दोन्ही उचलून कानाशी धरून हलवल्या आणि मध्ये कागदाचा तुकडा घातला.

सेक्रेटरी अजून हसतात. परवा जिन्यात भेटले, तर पुन्हा तेच, "काय वहिनी, वारा पॅक झाला का?" मी पदर तोंडाला लावून चांगलं खळखळून हसले. त्यांना फार बरं वाटलं. गच्चीचं दार उघडं होतं, आणि वरून वाट्या फिरल्याचा आवाज येत होता. त्या दिवशी वारा बेताचा होता.